बदललेले इंजिन आणि चेसिसमधली जागा
(अध्यक्षीय भाषण)

जीपमध्ये दुसरे इंजिन बसवणे फारसे अवघड नाही. बसवलेले इंजिन गाडी चालताना कुठे घासणार नाही, हे पाहणे अवघड. तलासरी, उधवा, दापचरी या पट्ट्यात पाड्यांकडे जाणारी वाट पावसात खचते. एक चाक दगडावर चढते, दुसरे चरात उतरते. गॅरेजच्या सपाट जमिनीवर पुरेसे दिसलेले अंतर तिथे उरत नाही.

महिंद्राच्या एमएम 540चे उदाहरण घ्यावे. तिच्या 2112 सीसी प्युजो इंजिनाच्या जागी 2523 सीसीचे डीआय इंजिन बसवले जाते. पहिल्याचा स्ट्रोक 83 मिमी, दुसऱ्याचा 101.6 मिमी. स्ट्रोक वाढला की क्रँकचा फेरा मोठा होतो. कनेक्टिंग रॉडचे मोठे टोक क्रँकच्या मध्यापासून 9 मिमीहून थोडे जास्त खाली उतरते आणि ऑइल चेंबरला तेवढी जागा द्यावी लागते. त्यामुळे वर बॉनेट आणि खाली पुढचा ॲक्सल, अशी दोन्हीकडून अडचण येते.

या परिषदेने एका गोष्टीचा आग्रह धरावा: मोजमाप कमानपाटे पूर्ण दबलेल्या अवस्थेतच व्हावे. चेसिस भक्कम स्टँडवर ठेवून पाटे सोडावेत आणि ॲक्सल जॅकने बंप स्टॉपला टेकेपर्यंत वर घ्यावा. आधी दोन्ही बाजू, मग एकेक. चेंबर आणि ॲक्सल यांच्यामध्ये ओल्या शाडूचा गोळा ठेवला की तो दबून जेवढा जाड उरतो, तेवढीच खरी मोकळी जागा. टाय रॉडसाठी स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून हीच चाचणी घ्यावी.

जागा अपुरी निघाली तर पुष्कळांचा हात आधी ग्राइंडरकडे जातो. चेंबर कापून खाच पाडण्याचा उपाय शेवटचा असावा. खाचेने तेल कमी मावते, तेल खेचणारी जाळी आणि तळ यांतले अंतर बिघडते. चढावर तेल मागे सरकले की दाब घसरतो आणि बेअरिंग जातात. त्याआधी माउंटिंग थोडे उचलून पाहावे. तेही पुरत नसेल तर बंप स्टॉप उंच करावा. चाकाची हालचाल जरा घटते, पण हा बदल परत काढता येतो. लांब शॅकल लावून पुढची बाजू उचलली तर कॅस्टर कोन बिघडतो आणि स्टिअरिंग भरकटते.

इंजिन मागे सरकवले तर पंखा रेडिएटरपासून सुटतो, पण गिअरबॉक्सही मागे जातो. मागचा प्रोपेलर शाफ्ट आखूड होऊन क्रॉसचे कोन वाढतात. असा शाफ्ट कापल्यावर बॅलन्स करून घ्यावाच लागतो. सायलेन्सरचा पाइप पुढच्या शाफ्टपासून आणि ब्रेकच्या नळ्यांपासून दूर न्यावा. जागा नसल्यास मध्ये पत्र्याची आड घालावी.

इंजिन स्वतःही हलते. जोर लागला की ते रबरांवर एका बाजूला कलते, म्हणून स्टिअरिंग बॉक्स, फायरवॉल आणि मॅनिफोल्ड यांच्यात कलण्याइतकी जागा ठेवावी. गाडीपुढे कोणी नाही हे पाहून, हँडब्रेक ओढून, लो गिअरमध्ये क्लच किंचित सोडला की हे कलणे बाजूने दिसते.

इंजिन बदलायला 1988च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता लागते. ती काम सुरू करण्याआधीच घ्यावी. पहिल्या खडतर फेरीनंतर गाडी पुन्हा वर घेऊन रंग उडालेल्या, चकाकणाऱ्या जागा शोधाव्यात आणि माउंटिंगचे बोल्ट पुन्हा आवळावेत.