ज्याचा त्याचा वास



टीव्हीवर सेंटची जाहिरात लागली की जरा नीट बघा. टीव्हीतून वास काही येत नाही. मग दाखवतात काय? लांबलचक मोटार, समुद्र, उडणारे केस आणि मागे वळून बघणारा पुरुष. बाटलीत असतं बहुतेक स्पिरिट आणि थोडा सुगंधी अर्क. भाव मात्र लावतात त्या मोटारीचा आणि समुद्राचा.

आमच्या गटाच्या बैठकीत आम्ही एकमेकींना विचारलं, तुला कोणता वास आवडतो? दुकानातल्या सेंटचं नाव एकीनेही घेतलं नाही. एकीने बाळंतिणीच्या खोलीतली ओवा-शेपाची धुरी सांगितली, एकीने माहेरच्या परड्यातली बकुळ. सगळ्यांत वयस्कर काकू म्हणाल्या, तंबाखूच्या चंचीचा. त्यांचे वडील बाजारातून शेवेची पुडी आणायचे, ती चंचीबरोबर एकाच खिशात असायची. तंबाखू वाईटच, त्यात वाद नाही. पण काकूंना त्या वासाने आजही वडील दारात उभे दिसतात.

हे असं का होतं? आपल्या नाकात वास टिपणारे सूक्ष्म भाग सुमारे ४०० प्रकारचे असतात. त्यांचा शोध लावणाऱ्या रिचर्ड अ‍ॅक्सेल आणि लिंडा बक या शास्त्रज्ञांना २००४ साली नोबेल मिळालं. नाकातून निघालेला निरोप मेंदूत जिथे पोचतो, तिथून भावनांची आणि आठवणींची जागा अगदी जवळ आहे. म्हणून कधीकधी वासाचं नाव सुचायच्या आधीच माणूस आठवतं.

पहिल्या पावसाचंच बघा. मातीतले सूक्ष्म जीव एक द्रव्य तयार करतात, थेंब पडले की ते हवेत उडतं. उत्तर प्रदेशात कनौजला भाजलेली माती तांब्याच्या डेगीत पाण्याबरोबर उकळतात, तिची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात आणि मातीचं अत्तर करतात. कारागिरी मोठी आहे, नावं ठेवायला जागा नाही. पण ते अत्तर लावून शहरातल्या कुणाला लहानपणची सुट्टी आठवेल आणि आपल्याला बियाण्याची उधारी नि गळकं छप्पर. कुठली आठवण यावी हे बाटलीवर कसं छापणार?

आता जरा टोचणारी गोष्ट. आमच्यातल्या एकीची लेक कॉलेजला जाते. एसटीत आईशेजारी बसत नाही. म्हणते, तुझ्या पदराला चुलीचा वास येतो. चुलीचा धूर काही चांगला नाही, गॅस परवडत असेल तर हवाच. पण पोरीला ही लाज कुठून आली? अमेरिकेत एका डॉक्टरने शस्त्रक्रिया करताना आपल्या हातांना घाम येऊ नये म्हणून एक औषध केलं होतं. त्याच्या मुलीने ते बायकांना विकायला काढलं. १९१९ साली एका मासिकात, तेही बायकांच्याच, त्याची जाहिरात आली. सांगणं असं, की बाई, तुझ्या घामाचा वास लोकांना येतो आणि तुला कुणी सांगत नाही. पुष्कळ वाचक चिडल्या. खप मात्र वाढला. तेव्हापासून आधी लाज विकायची आणि मागून बाटली, हा धंदा चालू आहे. खरं तर घामाला स्वतःचा फारसा वास नसतो, तो कातडीवरच्या जंतूंमुळे येतो. आपल्यासारख्यांना रोजची आंघोळ आणि धुतलेला कपडा बहुतेक वेळा पुरतो. सेंट लावूच नये असं आमचं म्हणणं नाही. लग्नाला जाताना आम्हीही लावतो.

आमचा गट दिवाळीला उटणं करतो. वाळा, नागरमोथा, आंबेहळद, गव्हला कचोरा, सगळं वाळवून, कुटून, वस्त्रगाळ करून. गेल्या वर्षी एक व्यापारी आला. म्हणाला, तुमच्या मालाला औषधाचा वास येतो. चंदनाचं सेंट टाका, पाकिटावर ‘शुद्ध चंदन’ छापा, दुप्पट भाव देतो. बैठकीत दोन तट पडले. एक म्हणाली, माझ्या पोराची फी भरायची आहे, वासाने काय होतं? तिचं चुकीचं नव्हतं. मग बाजारात दोन वाट्या मांडल्या, एकीत सेंट घातलेलं, एकीत आपलं. तरुण मुली सेंटच्या वाटीकडे वळल्या. मोठ्या बायका आपलं उटणं नाकाशी धरून थांबल्या. एक म्हणाली, आमची आई असंच लावायची, पहाटे, पणती लावून.

शेवटी ठरलं की सेंट एक वेळ चालेल, पण चंदन नसताना ‘शुद्ध चंदन’ छापायचं नाही. व्यापारी गेला. त्या महिन्याचा कर्जाचा हप्ता आम्ही वर्गणी काढून भरला. पाकिटं बाजारात स्वतः बसून विकली, तरी थोडी उरली.

यंदा पाकिटावर आत काय आहे ते सगळं मोठ्या अक्षरात छापतोय. सेंटच्या बाटलीवर बघा, सुगंधासाठी बारीक अक्षरात बहुतेक वेळा ‘परफ्यूम’ एवढा एकच शब्द असतो, त्या सुगंधात काय काय आहे ते पूर्ण कळत नाही. वाळा आणून ठेवलाय. कुटायला बसू तेव्हा ज्यांना प्रमाण बघायचं असेल त्यांनी जरूर या, येताना घरची चाळण घेऊन या. आमच्याकडे एकच आहे.