बायबलचे संशोधन आणि सामान्य जिज्ञासू
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



 आजच्या विषयाची सूचना फलकावर लागली तेव्हा एका स्नेह्यांनी आम्हांस हटकले, "अहो, मराठी मंडळात बायबल कशाला?" प्रश्न रास्त होता. पण त्याचे उत्तर शोधण्यास कोलकात्याबाहेर फार दूर जावे लागत नाही. हावड्याहून लोकल गाडीने निघालो की तासाच्या आत श्रीरामपूर येते. हुगळीच्या काठावरील या गावी विल्यम केरी यांच्या छापखान्यातून 1805 साली मराठीचे व्याकरण आणि मत्तयाचे शुभवर्तमान बाहेर पडले. 1810 साली मोडी लिपीत छापलेला मराठी कोश आला आणि पुढच्याच वर्षी मराठीतील नवा करार. या कामी केरी यांना वैजनाथ शर्मा या पंडितांचे साह्य होते. मराठी मुद्रणाच्या बालपणातील एक पाळणा असा आपल्याच शेजारी हलला, आणि त्या पाळण्यात बायबल होते.

आम्ही पाद्री नव्हे, प्राध्यापकही नव्हे. इब्री आणि ग्रीक या दोन्ही भाषा आम्हांस अपरिचित. बायबलवर गेली अडीचशे-तीनशे वर्षे जे प्रचंड संशोधन झाले आहे, त्याच्या अंगणात उभे राहून आत डोकावणाऱ्यांपैकी आम्ही एक. म्हणूनच तज्ज्ञांचे हे ज्ञान आमच्यासारख्या जिज्ञासूंपर्यंत कसे पोहोचावे, हा प्रश्न आम्हांस जिव्हाळ्याचा वाटतो.

हे ज्ञान केवळ विद्यापीठांच्या भिंतींआड वाढले, असा एक समज आहे. इतिहास निराळे सांगतो. जॉर्ज स्मिथ या लंडनच्या मुलाची शाळा चौदाव्या वर्षी सुटली आणि तो नोटांचे ठसे कोरणाऱ्या कारखान्यात उमेदवारीस लागला. दुपारच्या सुट्टीत तो ब्रिटिश म्युझियममध्ये जाई आणि निनवेच्या उत्खननात सापडलेल्या मातीच्या विटांवरील कीलाकार लिपी न्याहाळीत बसे. पुढे त्याच संग्रहालयाने त्याला कामावर घेतले. 1872 साली एका फुटक्या विटेवर त्याने वाचले की, एक नौका डोंगराला लागली असून तीतून पारवा सोडला आहे, आणि टेकायला जागा न मिळाल्याने तो परत आला आहे. बायबलमधील नोहाच्या जलप्रलयाची ही सख्खी बहीण शोभेल अशी कथा होती. त्या वर्षीच्या 3 डिसेंबरला स्मिथने आपला शोध वाचून दाखविला, तेव्हा श्रोत्यांत पंतप्रधान ग्लॅडस्टन होते. 'डेली टेलिग्राफ' या दैनिकाने कथेचा उरलेला भाग शोधण्यासाठी एक हजार गिनी देऊ केल्या. 1873 साली स्मिथ निनवेला गेला आणि प्रलयकथेचा आणखी एक तुकडा त्याच्या हाती लागलाही. दुर्दैवाने 1876 साली, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, अशाच एका मोहिमेत त्याचा अंत झाला.

या शोधाने काहींची श्रद्धा डळमळली, तर काहींची दृढ झाली. शतपथ ब्राह्मणातील मनू आणि मत्स्याची कथा ठाऊक असलेल्या आपल्यासारख्यांना तर ती वीट अधिकच जवळची वाटावी. पण आम्हांस येथे महत्त्वाची वाटते ती गोष्ट दुसरीच. ठसे कोरणाऱ्या एका कारागिराने वाचलेली ओळ वर्तमानपत्राने घरोघर नेली, आणि त्या घरांतील कुतूहलानेच पुढच्या संशोधनाला पैसा मिळाला. विद्वान देणारा आणि लोक घेणारे, एवढेच हे नाते नाही.

याच्या उलट घडले ते मृत समुद्राकाठच्या गुंडाळ्यांच्या बाबतीत. 1947 च्या सुमारास कुमरान येथील गुहेत बदाऊनी गुराख्यांना चर्मपत्रांच्या गुंडाळ्या सापडल्या, आणि पुढील काही वर्षांत अकरा गुहांतून हजारो तुकडे निघाले. त्यांतील यशयाची मोठी गुंडाळी तोवर ज्ञात असलेल्या संपूर्ण इब्री हस्तलिखितांहून सुमारे एक हजार वर्षांनी जुनी ठरली. एडमंड विल्सन या इंग्रजी साहित्याच्या टीकाकाराने 1955 साली हा विषय सामान्य वाचकांपुढे आणला. परंतु पुष्कळसे तुकडे मोजक्या विद्वानांच्या ताब्यात दशकानुदशके अप्रकाशित राहिले. मधल्या काळात अफवांना ऊत आला. काहीतरी भयंकर दडवले जात आहे, असे लोक बोलू लागले. अखेर 1991 साली कॅलिफोर्नियातील हंटिंग्टन ग्रंथालयाने आपल्याजवळील छायाचित्रे सर्व अभ्यासकांना खुली केली. भयंकर असे काहीच निघाले नाही. दार उघडले नाही म्हणजे आतल्या अंधारात लोक आपापली भुते पाहतात, एवढा धडा मात्र मिळाला.

दार उघडावे, हे आम्ही म्हणालो. पण ते कसे उघडावे, याविषयी आमच्याच हातून घडलेली एक चूक आज आपल्यापुढे कबूल करावयाची आहे.

काही वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आम्ही सात-आठ सभासद दर शनिवारी सायंकाळी एकत्र बसून मार्ककृत शुभवर्तमान वाचीत होतो. आमच्यात नगरकडील एक ख्रिस्ती शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्या होत्या, पण सर्वजण त्यांना बाईच म्हणत. शेवटच्या अध्यायाच्या दिवशी आम्ही मोठ्या तयारीने गेलो. मार्कच्या सोळाव्या अध्यायातील शेवटची बारा वचने चौथ्या शतकातील दोन प्रमुख ग्रीक हस्तलिखितांत, म्हणजे सिनाई आणि व्हॅटिकन येथील पोथ्यांत, नाहीत. तेथे शुभवर्तमान आठव्या वचनाशीच संपते. रिकामी कबर पाहून स्त्रिया पळाल्या आणि भीतीपोटी कोणास काही बोलल्या नाहीत, असा तो शेवट. पुढील वचनांची भाषा आणि जुळणी निराळी असल्याने ती नंतर जोडली गेली असावीत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. हे सारे आम्ही पत्त्यांतला हुकमाचा एक्का टाकावा तसे टाकले.

बाई काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत ते खरं असेल. पण सांगताना तुम्हाला आनंद होत होता."

त्या वाक्यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. पुढच्या शनिवारी आमच्यातील एका सभासदाने, कदाचित समतोल राखण्यासाठी असेल, पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 ते 1966 या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा विषय काढला. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहून घ्यावे, ही आपणां सर्वांची बाळपणापासूनची आवडती कथा त्या आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही, परिशिष्टात आहे. ज्ञानेश्वरीचे नित्य वाचन करणारे आमचे एक वयोवृद्ध सभासद हे ऐकून खिन्न झाले. "मग मी नातवाला इतकी वर्षे सांगत आलो ते काय?" असे त्यांनी विचारले. आता गप्प बसण्याची पाळी आमची होती.

त्या शांततेत बाईच बोलल्या. "काका, गोष्ट खोटी ठरली नाही. ती कधी आली एवढंच कळलं. ज्यांनी ती घातली त्यांचंही त्या ग्रंथावर प्रेमच असणार." मग त्यांनी पिशवीतून आपले बायबल काढले. त्यात त्या बारा वचनांपाशी तळटीप छापलेलीच होती. इतकी वर्षे ती डोळ्यांखालून गेली, पण कोणी थांबून समजावले नाही, असे त्या म्हणाल्या. नंतर त्यांनी आठवे वचन मोठ्याने वाचले आणि म्हणाल्या, "इथं संपलं तर पुढचं वाचणाऱ्यानं सांगायचं, असं दिसतं."

त्या सायंकाळी आम्हांस उमगले ते असे. माहिती तीच, पण प्रथम ती आमच्या शहाणपणाचे प्रदर्शन होती. दुसऱ्या वेळी ती एका दुखावलेल्या माणसाच्या हातात दिलेला आधार झाली.

पाठभेदांची भीती नवी नाही. ऑक्सफर्डचे जॉन मिल यांनी सुमारे तीस वर्षे खपून 1707 साली ग्रीक नव्या कराराची आवृत्ती काढली, तीत सुमारे 30,000 पाठभेद नोंदविलेले पाहून मोठा गदारोळ उठला. तेव्हा रिचर्ड बेंटली यांनी दाखवून दिले की, मिल यांनी पाठभेद निर्माण केले नाहीत, ते फक्त दाखविले. पोथी एकच असती तर पाठभेद शून्य असते, पण चूक दुरुस्त करण्याचे साधनही शून्य असते. आज ग्रीक हस्तलिखितांची संख्या पाच हजारांवर आहे. भेदही त्या मानाने पुष्कळ, पण त्यांतील बहुसंख्य भेद अक्षराचे, शुद्धलेखनाचे आणि शब्दक्रमाचे आहेत. ही दुसरी बाजू सांगितल्यावाचून पहिली सांगणे म्हणजे अर्धसत्य होय.

तेव्हा हे ज्ञान सामान्यांपर्यंत नेणाऱ्याने काही पथ्ये पाळावीत, असे आम्हांस वाटते. निश्चित काय आणि तर्क कोणता, हे वेगळे करून सांगावे. निष्कर्षाबरोबर पुरावाही दाखवावा. उत्पत्तीचे पहिले दोन अध्याय शेजारी ठेवून वाचावयास दिले, तर पहिल्यात मनुष्य सर्वांशेवटी येतो आणि दुसऱ्यात पुरुष पशुपक्ष्यांआधी घडतो, हे वाचक स्वतःच ओळखतो. भाषा सोपी ठेवावी, पण विषय उथळ करू नये. पंडिता रमाबाईंनी आयुष्याच्या उत्तरार्धात मूळ इब्री व ग्रीक अभ्यासून संपूर्ण बायबल मराठीत आणले, ते साध्या बायाबापड्यांना समजावे म्हणून. त्यासाठी त्यांनी विद्वत्ता कमी केली नाही, कष्ट वाढविले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' हेही त्याच वाटेवरचे, आणि 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद देऊन मराठीने त्यांना आपले मानले. शेवटचे पथ्य बाईंनी शिकविलेले: दुसऱ्याच्या देव्हाऱ्यात दिवा न्यावा तो उजेडासाठी, काय काय मोडके आहे ते दाखविण्यासाठी नव्हे.

परप्रांतात राहणाऱ्या आपणां मंडळींना हे विशेष लागू आहे. आपल्या शेजारी बंगाली, तमिळ, ख्रिस्ती, मुसलमान, ज्यू अशी कुटुंबे राहिली. आपण त्यांच्या सणाला गेलो, फराळ केला, पण त्यांच्या ग्रंथांविषयी एक प्रश्नही न विचारता वर्षे काढली. विचारणे उद्धटपणाचे वाटते, हे खरे. पण नीट अभ्यासून, नम्रपणे विचारलेला प्रश्न हाही शेजारधर्मच आहे.

मंडळाच्या ग्रंथालयात एक कपाट अशा ग्रंथांसाठी राखावे आणि तो शनिवारचा वाचनवर्ग पुन्हा सुरू करावा, एवढी विनंती करून आम्ही रजा घेतो. बाई आज आपल्यात नाहीत. त्यांनी ग्रंथालयास दिलेले बायबल मात्र तेथे आहे. मार्कच्या शेवटच्या पानावर, त्या तळटीपेशेजारी, पेन्सिलीने त्यांनी एकच शब्द लिहून ठेवला आहे : "थांबा."