कुत्रं सांभाळणं हेही कामच आहे
(महिला कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कात्रजला राहते. संतोषनगर, आंबेगाव, सुखसागरनगर या भागातले लोक बाहेरगावी गेले की त्यांची कुत्री-मांजरं सांभाळते. त्याआधी सात वर्षं धुणीभांडी केली. या कामाचं सांगितलं की बायका हसतात. ‘कुत्र्याशी खेळायचे पैसे मिळतात होय?’ म्हणतात. मालकीणही तेच म्हणते, पण दर पाडायला.

आमच्या कात्रजला १९९९ पासून महापालिकेचं प्राणिसंग्रहालय आहे. तिथे जनावराला खाऊ घालणारा, पिंजरा धुणारा माणूस कामगार गणला जातो. तेच काम बाईने फ्लॅटमध्ये केलं की ती माया होते. मायेचा दर कोण ठरवणार?

काम काय असतं ते ऐका. सकाळी सहाला फिरवून आणायचं, घाण उचलायची, औषध पोटात जाईपर्यंत बसायचं, मांजर असेल तर बाल्कनीचं दार लावलंय ना ते दहादा बघायचं. कांदा, द्राक्षं, चॉकलेट कुत्र्याला विषासारखं, हे मला एका जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी शिकवलं. अंगावर केस उभे राहिले, कान मागे गेले की हात लावायचा नाही, हे अनुभवाने कळलं.

आणि हे सगळं सणावारी. लोक गावाला जातात दिवाळीत, गणपतीत, मे महिन्यात. म्हणजे आपल्या घरी आपली गरज असते तेव्हाच. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांनी कुत्रं पलंगाखाली शिरतं, पाणीही पीत नाही. त्याच्याजवळ जमिनीवर मी बसते आणि माझी मुलं चुलत्याकडे जेवतात. नवरा म्हणतो, ‘कुत्र्यापायी घर सोडलंस.’ घरभाडं मात्र त्याच पैशातून जातं.

एका घरी कुत्रं सोफ्यावर झोपायचं, मला चहा वेगळ्या कपात मिळायचा. कुत्र्यावर माझा राग नाही. त्याला कप कुणाचा ते कळत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका कुत्र्याचा दात हाताला लागला. साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम पंधरा मिनिटं धुतली आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन सुई घेतली. (पुढच्या सुया ठरल्या तारखांना पुऱ्या करायच्या, मध्ये सोडायच्या नाहीत.) मालकांना फोन केला. पहिला प्रश्न आला, ‘तुम्ही त्याला काय केलंत?’ बुडालेल्या दिवसांचे पैसे मिळाले नाहीत.

तेव्हापासून मी आधी कुत्र्याची लसीची वही बघते, मग किल्ली घेते. किल्ली घेतल्याची आणि परत दिल्याची चिठ्ठी दोघींच्या सहीने होते, कारण घरातली वस्तू हरवली की संशय आधी कुणावर जातो हे तुम्हाला सांगायला नको. निम्मे पैसे आगाऊ. चावा बसला तर औषधपाणी आणि खाडे मालकाचे. जाता जाता भांडी घासून टाका, हे चालणार नाही. अशा अटींमुळे तीन घरं सुटली. दोन नवी मिळाली.

१९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला. २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. २०१३ च्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यात राहतं घरही कामाची जागा धरलं आहे, तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. रिकाम्या फ्लॅटमध्ये एकटीने जाणाऱ्या बाईला हे पाठ पाहिजे. मालकाचा भाऊ ‘सहज’ येऊन बसतो, तेव्हा उपयोगी पडतं.

आमच्या भागात हे काम करणाऱ्या आम्ही पाचजणी आहोत. दिवाळीचा दर एकच ठेवायचा असं तिघींनी ठरवलंय. चौथी म्हणते, मुलीची फी भरायची आहे, कमी दरात आलेलं घर मी सोडणार नाही. पाचवीने अजून काही सांगितलेलं नाही. चौथीची फी कुठून भरायची, यावर आज तुमच्याशी बोलायचं आहे.