मूळ प्रत आणि कामाची प्रत



वसंत व्याख्यानमालेत आपण संतवाङ्मय ऐकता, इतिहास ऐकता, अर्थकारणावरील वाद ऐकता. तेथे कॅमेऱ्याने टिपलेले चलच्चित्र संकलनाला सोयीच्या स्वरूपात कसे आणावे, हा विषय पत्रिकेत वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. हा कारागिराचा विषय, तो सभेत कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. मुंज, लग्न, सहस्रचंद्रदर्शन, शाळेचे संमेलन, आजोबांच्या आठवणी, सारे टिपले जाते. टिपण्याची हौस सर्वांना आहे. टिपलेले जतन कसे करावे आणि त्यातून पाहण्याजोगे काही कसे घडवावे, याचा विचार मात्र थोडेच करतात. म्हणून हा विषय कारागिराचा राहिलेला नाही, तो घरोघरचा झाला आहे.

प्रथम रोगाचे लक्षण सांगतो. कॅमेऱ्यातील चित्रण संगणकावर घ्यावे आणि संकलनाला बसावे, तो चित्र अडखळू लागते. ओठ आधी हलतात, शब्द मागून येतो. एक पाऊल मागे जावे म्हटले तर यंत्र क्षणभर विचारात पडते. माणूस वैतागतो आणि संगणकाला दोष देतो. शेजारी सांगतात, नवा घ्या. वास्तविक तेच चित्रण नुसते पाहायला बसलो, तर तोच संगणक ते सुरळीत दाखवतो. मग पाहताना जे साधते ते कापताना का साधत नाही? या प्रश्नाचे उत्तर मिळाले की अर्धे व्याख्यान संपले.

थोडे अंकगणित करू. ज्याला आपण फुल एचडी म्हणतो, त्या चित्राच्या प्रत्येक फ्रेममध्ये आडवे 1920 आणि उभे 1080 बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी 3 बाइट धरले, तर एका फ्रेमला सुमारे 62 लाख बाइट लागतात. सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे सेकंदाला 155 मेगाबाइट आणि तासाला सुमारे 560 गिगाबाइट. एवढा पसारा नखाएवढ्या कार्डात मावणार कसा? म्हणून कॅमेरा तो आवळतो. सोनी आणि पॅनासोनिक यांनी 2006 मध्ये घरगुती कॅमेऱ्यांसाठी एव्हीसीएचडी नावाचे स्वरूप आणले. त्याच्या सुरुवातीच्या नियमाप्रमाणे सेकंदाला फार तर 24 मेगाबिट, म्हणजे 3 मेगाबाइट खर्च करायचे होते. 155 चे 3 करायचे! पन्नास पोती धान्य एका पोत्यात भरण्यासारखाच हा प्रकार.

ते साधते कसे? तीन युक्त्यांनी. पहिली युक्ती डोळ्याच्या स्वभावावर बेतलेली आहे. आपला डोळा उजेड-अंधाराचा फरक बारकाईने टिपतो, रंगाचा तितका नाही. म्हणून कॅमेरा उजेडाची नोंद प्रत्येक बिंदूची ठेवतो आणि रंगाची मात्र चार बिंदूंमागे एकच. दुसरी युक्ती गणिताची आहे आणि तिच्यामागे आपल्या देशात जन्मलेल्या माणसाचे डोके आहे. बेंगळूरूत जन्मलेले नासिर अहमद अमेरिकेत विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. चित्राचे लहान लहान चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातील स्थूल भाग आणि बारीक भाग वेगळे काढण्याची रीत त्यांना 1972 च्या सुमारास सुचली. तिच्यासाठी त्यांनी अनुदान मागितले, ते मिळाले नाही. तरी काम सोडले नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी ती रीत 1974 मध्ये प्रसिद्ध केली. डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म हे तिचे नाव. आपल्या फोनमधील जेपीईजी छायाचित्रे तिच्यावर उभी आहेत आणि चलच्चित्रांची बहुतेक स्वरूपे तिच्यावर किंवा तिच्यापासून निघालेल्या रीतींवर चालतात.

तिसरी युक्ती आपल्या कामाची, कारण रोगाचे मूळ तिच्यात आहे. दुकानदाराची किर्द आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. पानाच्या आरंभी शिल्लक लिहिलेली असते, त्याखाली फक्त जमा आणि खर्च. दुपारी तीन वाजता गल्ल्यात किती पैसे होते असे कोणी विचारले, तर मुनीमजींना सकाळच्या शिलकेपासून बेरीज-वजाबाकी करीत यावे लागते. कॅमेरा अशीच किर्द लिहितो. एक फ्रेम पूर्ण लिहितो, ती आरंभीची शिल्लक. पुढच्या फ्रेममध्ये फक्त बदल लिहितो. वक्त्याचा हात हलला तर हाताची नोंद, मागची भिंत जागची हलली नाही म्हणून तिची नोंद नाही. काही फ्रेम तर अशा असतात की, त्यांचा अर्थ पुढची फ्रेम वाचल्यावाचून लागत नाही. पूर्ण फ्रेम कोठे अर्ध्या सेकंदाला एकदा येते, कोठे एखाद्या सेकंदाला. 2003 मध्ये निघालेले एच.264 आणि 2013 मध्ये निघालेले एच.265, ही दोन्ही स्वरूपे कॅमेऱ्यात आणि फोनमध्ये बहुधा याच पद्धतीने लिहिली जातात.

आता प्रश्न सुटला. पाहणारा मनुष्य किर्द वरून खाली वाचत जातो, त्याची बेरीज ओघात होते. संकलक मात्र मध्येच बोट ठेवतो, मागे जातो, उलटा चालतो, दोन ठिकाणची पाने एकापुढे एक लावतो. प्रत्येक वेळी संगणकाला मागच्या पूर्ण फ्रेमपर्यंत जाऊन हिशेब नव्याने करावा लागतो. दोन-तीन कॅमेऱ्यांचे चित्रण शेजारीशेजारी मांडले की मुनीमजी घामाघूम होतात. यात कॅमेऱ्याचा दोष नाही. त्याला थोड्या जागेत पुष्कळ भरायचे होते, ते त्याने केले. संगणकाचाही फारसा दोष नाही. साठवणीसाठी बांधलेले गाठोडे न सोडताच आपण त्यातली वस्त्रे शिवू पाहतो, हा आपला दोष.

उपाय उघड आहे. प्रत्येक ओळीपुढे शिल्लक मांडलेली असेल अशी दुसरी वही करावी, म्हणजे प्रत्येक फ्रेम स्वतःपुरती पूर्ण असलेली प्रत काढावी. ॲव्हिड कंपनीने 2004 मध्ये डीएनएक्सएचडी आणि ॲपलने 2007 मध्ये प्रोरेस ही स्वरूपे आणली, ती याच कामासाठी. अर्थात वही जाड होते. प्रोरेस 422 ला फुल एचडीत 25 फ्रेमच्या गतीने सेकंदाला सुमारे 122 मेगाबिट लागतात. कॅमेऱ्यातील एक तास 11 गिगाबाइटचा असेल, तर तोच तास येथे 55 गिगाबाइट होतो. जागा पाचपट देऊन आपण वेळ विकत घेतो. ज्यांना एवढी जागा परवडत नाही, त्यांनी दुसरी वाट धरावी. लांबी-रुंदी निम्मी करून हलकी प्रत काढावी, तिच्यावर सारी कापाकापी करावी आणि अखेरीस संगणकाला सांगावे की, आता याच कापांप्रमाणे मूळ चित्रण जोड. या हलक्या प्रतीला प्रॉक्सी म्हणतात. हल्लीच्या बहुतेक संकलन-प्रणालींत ती काढण्याची सोय असते. शिवाय एफएफएमपेग हे 2000 साली सुरू झालेले साधन फुकट उपलब्ध आहे. त्यावर बांधलेली सोपी साधनेही आहेत.

यात नवे काही नाही, हे सांगितले तर आपल्याला नवल वाटेल. फिल्मच्या काळात कॅमेऱ्यातून निघालेल्या निगेटिव्हला संकलक कात्री लावीत नसे. निगेटिव्हवरून एक पॉझिटिव्ह प्रत काढली जाई. ती कापावी, जोडावी, पुन्हा उसवावी, तिला ओरखडे पडले तरी चालत. फिल्मच्या काठावर क्रमांक असत. काम मनासारखे झाले की त्या क्रमांकांवरून निगेटिव्ह एकदाच, जपून कापली जाई. प्रभात कंपनीच्या पुण्यातील जागेत 1960 मध्ये सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. तेथे संकलन शिकलेल्या पिढ्यांनी फिल्मवर हीच शिस्त गिरवली. कामाची प्रत वेगळी आणि मूळ प्रत वेगळी, हे तत्त्व त्या मंडळींच्या हाडीमासी खिळले होते. यंत्रे स्वस्त झाली, कार्डे पुसून पुन्हा वापरता येऊ लागली आणि तत्त्व मात्र आपण विसरलो.

आम्हीही विसरलो होतो. ती गोष्ट सांगितल्याशिवाय हे व्याख्यान प्रामाणिक होणार नाही. 2009 मध्ये आमच्या आत्याबाईंना आम्ही जात्यावर बसवले आणि त्यांच्या ओव्या टिपल्या. त्यांना त्या आईकडून मिळालेल्या, कागदावर कोठे नाहीत. दीड तासाचे चित्रण झाले. संगणकावर ते अडखळू लागले, तेव्हा आम्ही एका साधनात ते घातले आणि सर्वांत लहान होईल अशी फाइल करून घेतली. ती झरझर चालली. काम फत्ते झाले असे समजून, पुढच्या आठवड्यातील लग्नासाठी आम्ही कार्ड पुसले. दोन वर्षांनी आत्याबाई गेल्या. पुढे नातवंडांसाठी अर्ध्या तासाचा चित्रपट करावा म्हणून ती फाइल उघडली, तेव्हा चूक डोळ्यांसमोर उभी राहिली. आवाज आहे. पण पडद्यावर चेहरा जरा मोठा केला की त्याचे चौकोन होतात, आणि खुंटा फिरवणारा हात तर प्रत्येक फेऱ्यात विरघळून जातो. बोटांतली अंगठी कोणती होती, हे त्या चित्रात आता कोणालाही दिसणार नाही. यंत्राने आम्हाला फसवले नाही. कामाची प्रत करून मूळ प्रत आमच्याच हाताने आम्ही पुसली.

त्या पश्चात्तापातून जे शिकलो ते थोडक्यात सांगतो.

पहिले, कार्डावरील सारे फोल्डर जसेच्या तसे उतरवून घ्यावे. आतील एखादीच फाइल उचलू नये. लांबलेले चित्रण कॅमेरा पुष्कळदा तुकड्यांत लिहितो आणि त्या तुकड्यांची सांगड इतर लहान फाइलींत असते. दोन वेगळ्या डिस्कवर दोन प्रती झाल्या आणि त्या उघडून पाहिल्या, की मगच कार्डाला हात लावावा.

दुसरे, डबा आणि डब्यातील जिन्नस यांत गल्लत करू नये. एमपी4, एमओव्ही, एमटीएस हे डबे आहेत. आत एच.264 आहे की प्रोरेस, हा जिन्नस. नुसता डबा बदलायचा असेल तर तो क्षणात बदलतो आणि चित्राला धक्का लागत नाही. पण त्याने अडखळणेही थांबत नाही.

तिसरे, फोनचे चित्रण असेल तर एक सावधगिरी बाळगावी. उजेड कमी झाला किंवा यंत्रावर ताण आला की काही फोन फ्रेमची गती कमी-जास्त करतात. ध्वनी मात्र आपल्या गतीने चालतो. मग तासाभराच्या कीर्तनात बुवांचे ओठ आणि अभंग यांची फारकत होते. रूपांतर करताना फ्रेमची गती स्थिर ठेवण्याची सूचना द्यावी.

चौथे, रूपांतराने चित्र सुधारेल ही आशा धरू नये. 11 गिगाबाइटचे 55 झाले म्हणजे चित्र पाचपट चांगले झाले असे नव्हे. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? रंगाची जी नोंद कॅमेऱ्याने सोडली, ती कोणतेही साधन परत आणू शकत नाही. चांगल्या प्रतीचा उपयोग एवढाच की, असलेले पुढे फारसे उणावत नाही.

आता एक आक्षेप येईल. अलीकडच्या संगणकांत आणि फोनांत एच.264, एच.265 उलगडण्याचे स्वतंत्र मंडल असते. ते मूळ चित्रणही लीलया चालवतात, मग ही उठाठेव कशाला? आक्षेप रास्त आहे. रूपांतर हे काही व्रत नव्हे की केलेच पाहिजे. मूळ चित्रण आपल्या यंत्रावर सुरळीत कापता येत असेल, तर खुशाल तसेच कापावे. पण यंत्र जुने असेल, कॅमेरे चार असतील, किंवा कॅमेऱ्याने लिहिलेला प्रकार त्या मंडलाला येत नसेल, तर कामाची प्रत काढावी. ती काढा किंवा न काढा, मूळ प्रत जपणे मात्र कोणाला सुटत नाही.

ओवी सांगणारी म्हातारी माणसे, गावातील जुने कारागीर, आपल्या घरातील बोलणारे चेहरे, यांना दुसऱ्यांदा टिपता येईलच असे नाही. संगणक नवा घेता येतो, साधने बदलता येतात, आज न जमलेले संकलन दहा वर्षांनी आपली मुले करू शकतात. मात्र त्यांच्यासाठी मूळ चित्रण शिल्लक राहिले पाहिजे. आज रात्री घरी गेल्यावर आपल्यापैकी कोणी जुने कार्ड पुसायला काढले असेल, तर त्याने ते आधी उघडून पाहावे आणि त्यातील चित्रण दोन ठिकाणी उतरवून घ्यावे. एवढे एका घरी जरी घडले, तरी आमच्या आत्याबाईंच्या ओव्यांचे ऋण थोडे फिटले असे आम्ही समजू.