बेलीफ येण्याआधीचं खरेदीखत



समजा, बेंबळीच्या शिवारातल्या एका शेतकऱ्यावर पैशाचा दावा झाला, निकाल विरोधात गेला आणि धनकोने धाराशिवच्या दिवाणी न्यायालयात वसुलीची दरखास्त लावली. जप्तीसाठी न्यायालयाचा बेलीफ येणार अशी कुणकुण लागली की गावात सल्ल्यांना तोटा नसतो. ‘बैलं मेहुण्याच्या दावणीला बांध.’ ‘रान बायकोच्या नावावर कर.’ ‘खात्यातले पैसे आजच काढ.’ सल्ला फुकट असतो. त्यापायी लागणारं कलम मात्र सल्ला ऐकणाऱ्याला लागतं.

गंमत अशी, की यातली बैलं लपवायची बहुधा गरजच नसते. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं साठावं कलम शेतकऱ्याची अवजारं, बियाणं आणि पोटापाण्यासाठी न्यायालयाला आवश्यक वाटतील तेवढी जनावरं जप्तीतून वगळतं. कर्जापोटी गहाण टाकलेलं नसेल, तर कसणाऱ्याचं राहतं घरही. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं आणि धर्माच्या रिवाजाने बाईला अंगावेगळे करता न येणारे दागिने, यांनाही हात लावता येत नाही. सूर्यास्तानंतर राहत्या घरात शिरून जप्ती करायलाही मनाई आहे. जमीन, बँकेतली रक्कम, दुचाकी यांना मात्र असं सरसकट संरक्षण नाही.

शेतकऱ्याला जप्तीतून सवलत सहज मिळालेली नाही. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून सावकारांविरुद्ध दंगे पेटले. कर्जरोखे जाळले गेले, कारण त्याच कागदांवर न्यायालयातून हुकूमनामे निघत होते. मग 1879 चा दख्खन कृषक साहाय्य कायदा आला. खास गहाण दिल्याशिवाय शेतकऱ्याची स्थावर मिळकत जप्त करायची नाही, असं त्यात होतं. पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या जिल्ह्यांसाठी तो होता. शेजारचं सोलापूर त्यात आलं, बेंबळी मात्र निजामाच्या मुलखात असल्याने हद्दीपलीकडे राहिली.

आता गुन्ह्याकडे वळू. न्यायालयाने हुकूम दिला आहे किंवा देण्याची शक्यता आहे हे ठाऊक असून, जप्ती टळावी म्हणून कपटाने मालमत्ता हलवली, लपवली, कुणाच्या नावावर केली किंवा कुणाच्या हाती दिली, तर भारतीय न्याय संहितेचं 243 वं कलम लागतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 1 जुलै 2024 पूर्वी हेच दंड संहितेचं 206 वं कलम होतं आणि कैदेची मर्यादा दोन वर्षं होती. हक्क नाही हे माहीत असून जप्ती अडवायला ‘हा माल माझाच’ म्हणणारा मेहुणाही सुटत नाही. त्याच्यासाठी पुढचंच 244 वं कलम आहे. मात्र धनकोने पोलीस ठाण्यात जाऊन हा खटला उभा राहत नाही. तक्रार न्यायालयाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने लेखी करावी लागते.

नुसतं कर्ज फेडता न येणं हा गुन्हा नव्हे, हे इथे ठासून सांगायला हवं. दरखास्तीत न्यायालय मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र मागू शकतं. ते खरं भरून देणाऱ्या गरिबाला 243 चं भय नाही.

लपवाछपवी गावापुरती असते असंही नाही. अलिबागजवळच्या मांडव्याचं उद्योगपती विजय मल्ल्यांचं फार्महाऊस एका कंपनीच्या नावावर होतं; ते 2017 मध्ये अंमलबजावणी संचालनालयाने, म्हणजे ईडीने, ताब्यात घेतलं. त्याच वर्षी 9 मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अवमानाबद्दल दोषी ठरवलं. उच्च न्यायालयाची मनाई असताना चार कोटी डॉलर त्यांनी मुलांच्या नावे वळवले होते. 11 जुलै 2022 रोजी शिक्षा सुनावली गेली, चार महिने कैद आणि दोन हजार रुपये दंड. दंडाच्या आकड्याला कुणी हसेल. पण ती सगळी रक्कम आठ टक्के व्याजासह परत करण्याचाही हुकूम झाला.

गावातल्या खरेदीखताची गतही फार वेगळी नसते. जप्तीनंतरची खासगी विक्री जप्तीखालच्या हक्कांपुढे टिकत नाही. जप्तीची दवंडी पिटली जाते, हुकमाची प्रत ग्रामपंचायतीवर चिकटवतात, त्यामुळे ‘मला माहीतच नव्हतं’ हे चालणं कठीण. जप्तीआधीचा दस्त धनकोंना बुडवायला केलेला असेल, तर 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या त्रेपन्नाव्या कलमाखाली धनको तो रद्द करून घेऊ शकतो. आणि धनकोने पाठलाग सोडला, पण मेहुण्याचीच नियत फिरली, तर? रान परत मागायला मूळ मालकाला त्याच न्यायालयात जाऊन, आपण नोंदवलेलं खरेदीखत लबाडीचं होतं, हे स्वतःच्या तोंडाने सांगावं लागतं.