दुकान बदलता येते, पण गाव?



आमच्या गोंडपिपरीकडे 'स्वस्त धान्य दुकान' किंवा 'रास्त भाव दुकान' हे शब्द फक्त पाटीवर दिसतात. लोकांच्या तोंडी शब्द एकच, 'कंट्रोल'. 'कंट्रोलचा तांदूळ आला का?', 'आज कंट्रोल उघडे आहे का?' हा शब्द दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले, धान्याच्या भावावर आणि वाटपावर सरकारी नियंत्रण आले. युद्ध संपले, पण त्या नियंत्रणाचे इंग्रजी नाव खेड्यापाड्यांत मुक्कामाला राहिले. नियंत्रण सरकारचे खरे. पण हा शब्द उच्चारताना गावातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे सरकार येत नाही, दुकानदार येतो. सारे त्याच्याच हातात आहे असे वाटते. आज मला या वाटण्याबद्दलच बोलायचे आहे.

मी कविता लिहितो. पण माझ्या दारी लोक येतात ते कविता ऐकायला कमी आणि अर्ज लिहून घ्यायला जास्त. 'चाचा, तुम्ही बी. ए. झालात, दोन ओळी लिहून द्या ना!' त्यातले बरेच अर्ज कंट्रोलबद्दलचे असतात. कोणाला दोन किलो कमी मिळाले, कोणाला 'मशीन बंद आहे' म्हणून तीन खेपा पडल्या, कोणाचा अंगठा आज घेतला आणि धान्य पुढच्या आठवड्यात दिले. अंगठा दिला की सरकारी नोंदीत धान्य घरी पोचलेले असते. प्रत्यक्षात पोचो वा न पोचो.

आधी हक्काचे पाहू. २०१३ चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा महाराष्ट्रात १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य. तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये, भरडधान्य १ रुपया किलो असा भाव होता. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले आणि १ जानेवारी २०२४ पासून आणखी ५ वर्षांसाठी ते मोफत ठेवण्यात आले. झाले ते चांगलेच झाले. पण त्यातून एक नवे वाक्य गावोगाव जन्माला आले, 'फुकटचे नेता आणि वरून काट्याकडे बघता?' हे ऐकले की गरीब माणूस मान खाली घालतो. खरे तर हे धान्य दुकानदाराच्या कोठारातले नाही, कायद्याने दिलेले आहे. त्यातले अर्धा किलो गेले तर ते फुकटातले गेले नाही, हक्कातले गेले.

आता दुकान बदलण्याची गोष्ट. पूर्वी कार्ड ज्या दुकानाला जोडले, तिथेच जन्म काढावा लागे. ई-पॉस मशीन आले आणि ही गाठ सुटली. शिधापत्रिकेचा १२ अंकी क्रमांक आणि आधारची ओळख पटली की राज्यातल्या कोणत्याही दुकानातून धान्य घेता येते. वेगळा अर्ज लागत नाही, जुन्या दुकानदाराची परवानगी लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगण अशा दोन जोड्यांत राज्याबाहेरही हा प्रयोग सुरू झाला. १ जानेवारी २०२० रोजी १२ राज्ये त्यात आली. महाराष्ट्र आणि तेलंगण दोन्ही त्यांत होती. २०२२ च्या जूनपर्यंत सारा देश जोडला गेला. 'एक देश, एक रेशन कार्ड' म्हणतात ते हेच.

आमच्या भागाला याचे मोल फार. धान घरात आले की गोंडपिपरी, चामोर्शी, अहेरीकडची माणसे मिरची तोडायला तेलंगणात, खम्मम-वरंगलकडे जातात. दोन-तीन महिने घराला कुलूप, किंवा घरी फक्त म्हातारी माणसे. पूर्वी त्या महिन्यांचे धान्य बुडायचे, किंवा कोणाच्या तरी नावावर परस्पर उचलले जायचे. आता मजूर आपला वाटा तिकडच्या दुकानात घेऊ शकतो आणि घरी राहिलेली आजी तिचा वाटा इथे घेऊ शकते. एकाने तिकडे घेतले म्हणून दुसऱ्याचे इथले बंद होत नाही. ही गोष्ट मिरचीला निघणाऱ्या प्रत्येक टोळीला माहीत असायला हवी.

शहरात दुकान बदलणे हीच एक तक्रार असते. नागपुरात एका दुकानदाराने काटा मारला तर माणूस पुढच्या चौकात जातो. गिऱ्हाईक गेले की कमिशन गेले, म्हणून दुकानदार सरळ राहतो. पण आमच्याकडे पुढचा चौक कुठे आहे? गावात दुकान एक, दुसरे शेजारच्या गावात. मध्ये नाला, रानातली वाट, आणि चंद्रपूर जिल्ह्यात राहणाऱ्याला वाघाचे भय काय असते ते सांगायला नको. वीस किलोची थैली डोक्यावर घेऊन त्या वाटेने येणाऱ्या बाईला दुकान बदलण्याचा हक्क एका दिवसाच्या मजुरीला पडतो. भामरागडकडची गावे तर पावसाळ्यात नद्या-नाल्यांनी तुटतात. तिथे पावसाळ्याचे धान्य आधीच नेऊन ठेवावे लागते. अशा ठिकाणी निवड कसली करणार? म्हणून मी म्हणतो, दुकान बदलण्याचा हक्क जंगलात अर्धाच पोचतो. उरलेला अर्धा तक्रारीनेच मिळवावा लागतो.

आणि तक्रार करणे सोपे नाही, हेही मी जाणतो. दुकानदार परका नसतो. लग्नाला उसने धान्य देणारा तोच, अडीअडचणीला पैसे देणारा तोच, कधी गावचा पुढारीही तोच. तक्रार करून त्याच्याच दारी पुढच्या महिन्यात थैली घेऊन उभे राहायचे असते. दुसरी भीती अधिक खरी आहे. दुकानाचा परवाना निलंबित झाला की गावाची कार्डे शेजारच्या गावाला जोडली जातात. गुन्हा दुकानदाराचा आणि पायपीट गावाची! लोक मग तक्रार करणाऱ्यालाच बोल लावतात. म्हणून माझे सांगणे असे, तक्रार एकट्याने करू नये आणि नुसती कारवाई मागू नये. दुकान गावातच राहावे, हेही त्याच अर्जात मागावे. नवा परवाना देताना पंचायती, बचत गट, सहकारी संस्था यांना आणि महिलांच्या व्यवस्थापनाला प्राधान्य द्यावे, असे अन्न सुरक्षा कायद्यातच लिहिले आहे. गावातला बचत गट तयार असेल तर ग्रामसभेत तसा ठराव करून तो अर्जाला जोडावा.

अर्ज कसा लिहावा? कविता लिहिणाऱ्याने सांगतो, अर्जात विशेषण नको, आकडा हवा. 'दुकानदार चोर आहे, गरिबांचे रक्त पितो' हे वाक्य जोरदार आहे, पण साहेबाच्या टेबलावर ते निर्जीव होते. त्याऐवजी तारीख लिहा. घरात माणसे पाच, मिळायला हवे २५ किलो, मिळाले २२, पावती मागितली ती दिली नाही, असे लिहा. मशीनमधून पावती निघते आणि ती मागणे हा आपला हक्क आहे. काट्यावर वैधमापनाचा शिक्का आहे का ते पाहा. दुकानात साठा, दर, माणशी प्रमाण, दुकानाची वेळ आणि तक्रार कुठे करायची हे सारे फलकावर लिहिलेले असायला हवे. धान्य दिल्यावर शिधापत्रिका दुकानात ठेवून घेता येत नाही. कायद्याप्रमाणे घरातली १८ वर्षांवरची सर्वांत मोठी बाई शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख असते. तेव्हा अर्जावर तिची सही किंवा अंगठा पहिला असू द्या.

पहिली पायरी गावातली दक्षता समिती. दुकान, तालुका, जिल्हा आणि राज्य अशा चार पातळ्यांवर ती असावी असे कायदा म्हणतो. आपल्या दुकानाच्या समितीत कोण आहे, एवढे विचारले तरी अर्धे काम होते. बऱ्याचदा सदस्यालाच ठाऊक नसते की आपण सदस्य आहोत. त्यानंतर तहसीलचा पुरवठा विभाग, मग जिल्हा पुरवठा अधिकारी. तिथे दाद लागली नाही तर जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि त्यावर राज्य अन्न आयोग. फोन करायचा असेल तर १९६७ हा क्रमांक आहे. परराज्यात असाल तर १४४४५. फोन केला तर तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या, अर्ज दिला तर पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे वाऱ्यावर सोडलेले पान.

दुकानदाराची बाजूही ऐकली पाहिजे. २०२५ मध्ये राज्य सरकारने त्याचे कमिशन क्विंटलमागे १५० वरून १७० रुपये केले. महिन्याला ५० क्विंटल वाटणाऱ्याच्या हाती साडेआठ हजार येतात. त्यातून जागा, वीज, हमाल. गोदामातून आलेला कट्टा कधी मुळातच हलका असतो. धान्य दुकानापर्यंत पोचवणे ही राज्याची जबाबदारी आहे, तेव्हा कट्टा कमी भरला तर दुकानदाराने उतरवतानाच तो मोजून वर तक्रार करावी. वरच्याने माझे कापले म्हणून मी खालच्याचे कापतो, हा हिशेब चालणार नाही. सगळ्यात खाली रोवणी करणारी बाई उभी आहे. चिखलात राबून तिच्या बोटाच्या रेषा इतक्या झिजल्या आहेत की मशीन तिला ओळखत नाही. तिने कोणाचे कापायचे?

खळ्यावर धान मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. आमच्या घरी 'बरकत' म्हणत. शब्द दोन, पण विश्वास एकच की भरलेल्या मापानेच घर भरते. कुरआनात तर माप मारणाऱ्यांविषयी एक स्वतंत्र अध्याय आहे. मापाची ही चाड कोणत्याही एका धर्माची मिरासदारी नाही. ती प्रत्येक शेतकऱ्याच्या, प्रत्येक व्यापाऱ्याच्या घरात होती.

तेव्हा पुढच्या महिन्यात दुकानात जाल तेव्हा भांडू नका. फक्त काट्याकडे बघा, पावती मागा, आणि शेजारणीचीही पावती वाचून दाखवा. तीन घरांचे आकडे कमी निघाले तर तिघींनी मिळून एक अर्ज करा. लिहून देणारा कोणी ना कोणी गावात सापडेलच.