तट्टू

(मंडळाच्या वर्धापनदिनी हळदीकुंकवाच्या प्रसंगी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी बोलायला सांगितले तेव्हा मी म्हटले, "अहो, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी कसले भाषण करणार?" त्या म्हणाल्या, "मग घरातल्याच एखाद्या शब्दावर बोला." आमच्या माहेरी उठल्यापासून निजेपर्यंत जो शब्द कानी पडे, तो म्हणजे तट्टू. तेव्हा आज तुम्हांला तट्टूच ऐकावे लागणार!

माझे वडील पंचवटीतून शालिमारपर्यंत टांगा चालवीत. आपल्या नाशकात घोडा काही नवा नाही. मेन रोडपासून नाशिक रोड स्टेशनापर्यंत एके काळी ट्राम होती आणि तीही सुरुवातीला घोडेच ओढीत. ती बंद पडून नव्वदाच्या वर वर्षे झाली. टांगे मात्र माझ्या लहानपणापर्यंत होते.

तट्टू म्हणजे बुटका, काटक घोडा. मादी असली की तट्टाणी, आणि पिल्लू ते शिंगरू. आमचे तट्टू तांबूस रंगाचे होते. सकाळी वडील त्याला खरारा करीत, मी चंदीची पाटी पुढे ठेवी. आधी त्याचे पोट भरायचे, मग आमचे.

याच शब्दाचा मोठा मान पाहा. भीमेच्या काठची ती भीमथडीची तट्टे. मराठ्यांच्या फौजा त्यांच्याच पाठीवरून दूरदूर गेल्या. राजा बढे यांनी महाराष्ट्रगीतात त्यांना जागा दिली. ते गीत २०२३ साली आपले राज्यगीत झाले आणि २०२४ साली भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून सरकारदरबारी नोंद झाली. त्याच कडव्यात आपली गोदावरीही आहे. पुढच्या वेळी म्हणताना लक्ष द्या.

आणि आता अपमान पाहा. पैसे घेऊन दुसऱ्याची बाजू लढवणारा तो भाडोत्री तट्टू. निवडणुका आल्या की हा शब्द रोज ऐकावा. कोणी तो उच्चारला की माझ्या आईला राग येई. ती म्हणे, "भाड्याच्या तट्टानेच माझी चूल पेटते. त्याने कधी कुणाला फसवले?" आईचे मला पटते. भाडे खिशात घालतो माणूस, आणि नाव मात्र मुक्या जनावराचे!

पण मला खरे सांगायचे आहे ते अडेलतट्टूविषयी.

मी सातवीत होते. एके दिवशी आमचे तट्टू रविवार कारंजावर मध्येच थांबले, ते हलेचना. मागे रिक्षा भोंगे वाजवू लागल्या. टांग्यातले गिऱ्हाईक उतरून चालते झाले. वडिलांनी त्याच्यावर कधी हात टाकला नव्हता, पण त्या दिवशी चार लोकांदेखत चाबूक ओढला. तरी ते जागचे हलले नाही. नुसते थरथरत होते. शेवटी वडिलांनी टांगा सोडला आणि त्याला हाती धरून नालबंदाकडे नेले. नाल काढला तेव्हा कळले. दोन दिवसांपूर्वी ठोकलेला एक खिळा खुराच्या जिवंत भागात गेला होता. वडील त्या रात्री जेवले नाहीत.

तट्टू तीन आठवडे उभे होते. कमाई बंद. रिक्षांमुळे गिऱ्हाईक आधीच कमी झाले होते. त्या वर्षी माझी शाळा सुटली. मी एकदाही "मला शिकायचे आहे" म्हटले नाही. तेव्हा सगळे मला शहाणी मुलगी म्हणत.

तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलीला स्थळ आले. घर चांगले, मुलगा नोकरीत. ती तेव्हा बारावीत होती आणि तिला नर्सिंगला जायचे होते. घरातली सगळी एका बाजूला झाली. मी म्हटले, "तिचे शिक्षण झाल्याशिवाय मी हळदीला हात लावणार नाही." थोरल्या जाऊबाई पाहुण्यांसमोर म्हणाल्या, "ही आमची अडेलतट्टू हो!" सगळे हसले. मला एकदम त्या तट्टाचा थरथरता पाय आठवला. खिळा कुठे होता हे मी कुणाला सांगितले नाही. चहाचा ट्रे खाली ठेवला आणि पुन्हा तेच वाक्य म्हटले.

स्थळ गेले. दोन महिने घरात माझ्याशी कोणी सरळ बोलेना. आमच्या ह्यांनी मात्र एक दिवस न बोलता प्रवेशाचा फॉर्म आणून ओट्यावर ठेवला. जाऊबाई आता तिच्याकडून रक्तदाब तपासून घेतात, हेही सांगून टाकते.

हो, एक अर्थ राहिलाच. आजकालच्या मुली केस मागे घट्ट बांधतात, त्याला पोनी म्हणतात. मी मुलीला विचारले, "पोनी म्हणजे काय गं?" ती म्हणाली, "आई, इंग्रजीत पोनी म्हणजे तट्टू. हे त्याचे शेपूट." मी पोट धरून हसले. इतकी वर्षे मी रोज घरात तट्टाचे शेपूट बांधत होते!

यंदा ती दुसऱ्या वर्षाला आहे. सकाळी बसची घाई असली की माझ्यापुढे पाठमोरी बसते आणि म्हणते, "आई, पोनी घाल ना लवकर." मी म्हणते, "मान हलवू नकोस, तट्टाणी."

चहा निवतो आहे.